इंजिन नक्की किती वेळात गरम व्हायला हवं?

किल्लीधर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न साधा आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिन गरम व्हायला किती मिनिटं लागायला हवीत? घरात यावरून रोज वाद होतो. बाबांचं म्हणणं, किल्ली फिरवली की दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची, काटा हलला की मगच गियर टाकायचा. त्यांनी आयुष्यभर हेच केलंय आणि त्यांच्या एकाही गाडीचं इंजिन उघडावं लागलं नाही असं ते दर दोन दिवसांनी ऐकवतात. माझं म्हणणं, मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की सुरू करा आणि निघा.

पण गंमत अशी की मॅन्युअलप्रमाणे लगेच निघालो तरी माझ्या गाडीचा काटा वर यायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, आणि तेव्हाही मध्याच्या जरा खालीच असतो. मग मोकळ्या रस्त्याला लागलो की आणखी खाली, सिग्नलला थांबलो की परत वर. बाबा म्हणतात बघ, उभी केल्यावर गरम होते की नाही. आता याला उत्तर काय द्यायचं ते कळत नाही म्हणून तुमच्याकडे आलो.

गाडी १.२ पेट्रोल, आठ वर्षं जुनी, ९० हजार किमी. अलीकडे ॲव्हरेजही पडलंय, आधी १६ च्या आसपास मिळायचं ते आता १३ वर आलंय, पण त्याचा याच्याशी काही संबंध आहे का माहीत नाही.

घाईत आहे

माझं दोन मिनिटांत होतं. पुढचा इंडिकेटर न देता वळला की लगेच. इंजिनाचं माहीत नाही.

जुना पिस्टन

बाबा बरोबर आहेत. आजकालच्या पोरांना धीर नाही. आम्ही चोक ओढून गाडी सुरू करायचो, मग हळूहळू चोक आत ढकलायचा, आवाज सुधारला की निघायचं. चोक आत ढकलायची घाई केली तर पहिल्याच वळणावर गाडी गचके खाऊन बंद. लोखंडाला पण जागं व्हायला वेळ लागतो. मी आजही पाच मिनिटं देतो, चार गाड्या वापरल्या, एकही इंजिन गेलं नाही.

तेलकट हात

जुना पिस्टन, तुमचा मान राखून बोलतो, पण तुम्ही सांगताय ती गोष्ट कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राची आहे आणि त्या काळी ती शंभर टक्के खरी होती. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब तसेच भिंतींना चिकटतात, म्हणून चोक लावून जास्त पेट्रोल पाजायचं. कार्ब्युरेटरला स्वतःला काही कळत नाही, चोक किती आणि कधी काढायचा ते तुम्ही ठरवायचात. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर करतो. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या पाण्यात, सेन्सर बसलेला असतो, तो सांगतो पाणी किती अंशावर आहे, त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त होतं. म्हणून आताची गाडी पहिल्या सेकंदापासून बिनगचक्याची चालते.

आता किल्लीधर यांचा मूळ प्रश्न. मिनिटांत एकच आकडा सांगता येत नाही कारण 'इंजिन गरम' म्हणजे काय गरम ते आधी ठरवावं लागतं. कूलंट वेगळं, ऑईल वेगळं, सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेगळा. हवा खूप थंड नसेल आणि तुम्ही लगेच निघून आरामात चालवत असाल तर कूलंट ५ ते १० मिनिटांत ८५-९० अंशाला पोचतं. ऑईल त्याच्या मागे रखडत येतं, त्याला साधारण दुप्पट वेळ लागतो, म्हणजे १५-२० मिनिटं. जागेवर उभी ठेवलीत तर यातलं सगळंच लांबतं, कूलंटलाच १५-२० मिनिटं, थंडी असेल तर त्याहून जास्त, आणि डिझेल असेल तर विचारूच नका.

उभं राहून गरम करण्यात तोटा कसा ते पण सांगतो कारण लोकांना वाटतं फार तर थोडं पेट्रोल जाईल. थंड असताना ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल टाकतो. ते सगळं जळत नाही, थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, जाताना भिंतीवरचा ऑईलचा थर धुऊन नेतं आणि खाली ऑईलमध्ये मिसळून त्याला पातळ करतं. म्हणजे इंजिन थंड असण्याचा काळ जितका लांबवाल तितकी ही धुलाई जास्त. बाबांना वाटतंय ते इंजिनाची काळजी घेतायत, प्रत्यक्षात उलटं होतंय.

जुना पिस्टन

चार गाड्या. एकही इंजिन नाही.

निळा दिवा

माझ्या गाडीत काटाच नाहीये. सुरू केली की निळा दिवा लागतो, दोन-चार मिनिटांत विझतो, संपलं. म्हणजे विझला की गरम झालं असं समजायचं ना? मी तर विझल्या विझल्या दाबून चालवते.

तेलकट हात

नका हो. निळा दिवा बहुतेक गाड्यांत कूलंट साधारण ५०-६० अंशाला आलं की विझतो. त्या वेळी ऑईल त्याहूनही थंड असतं. तो दिवा विझणं म्हणजे 'झोपेतून उठलो', 'आंघोळ करून तयार' नव्हे.

आणि ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनीही फार खूश होऊ नका. आधी काटा खरोखर तापमान दाखवायचा, मग लोक घाटात काटा दोन मिलिमीटर वर गेला की घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करायचे. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी काटा असा बांधला की साधारण ७५ पासून १०५ अंशापर्यंत कुठेही असला तरी तो अगदी मधोमध ठोकल्यासारखा उभा राहतो. काटा मध्यावर आला याचा अर्थ कूलंट ७५ च्या पुढे गेलं एवढाच. ऑईलबद्दल तो काहीच सांगत नाही.

किल्लीधर, हे लिहिताना तुमचं वाक्य परत वाचलं. तुमचा काटा मध्याच्या खाली राहतो आणि वेगात अजून उतरतो? त्यावर नंतर येतो, जरा बघू द्या.

अर्धवट इंजिनियर

माझ्या आवडीचा विषय. ढोबळ हिशोब करू या, पाठ्यपुस्तकी आहे, चूक निघाली तर सांगा.

छोट्या गाडीचं इंजिन धरू १०० किलो धातू, सहा लिटर कूलंट, चार लिटर ऑईल. हे सगळं मिळून एक अंश तापवायला सुमारे ९० किलोज्यूल लागतात. २० अंशावरून ९० ला न्यायचं म्हणजे ७० अंश, म्हणजे ६३०० किलोज्यूल, ६.३ मेगाज्यूल. आता एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात. ऐकून वाटतं पाव लिटरात काम झालं, पण जळालेल्या पेट्रोलमधली साधारण तीस टक्केच उष्णता इंजिनाच्या अंगात आणि कूलंटमध्ये जाते, बाकीची सायलेन्सरमधून बाहेर आणि काही चाकांना.

उभी गाडी तासाला ०.८ लिटर पिते असं धरलं तर आत जाणारी उष्णता झाली २ किलोवॉटच्या जरा वर. म्हणजे पाणी तापवायच्या गिझरइतकी. तेवढ्यात १०० किलो धातू तापवायचाय! ४५ मिनिटांच्या पुढे जातं. तीच गाडी ४० च्या वेगाने चालली तर तासाला अडीच लिटरच्या आसपास जळतं, उष्णता तिप्पट, वेळ १५-१६ मिनिटं.

घाईत आहे

म्हणजे थोडक्यात, गिझर लावून बाबांना आंघोळीला पाठवा आणि तुम्ही गाडी घेऊन निघा.

तेलकट हात

हिशोब छान आहे पण प्रत्यक्षात ४५ मिनिटं लागत नाहीत. दोन कारणं. एक, थंड असताना स्लो स्पीड ७००-८०० नसतो, १२०० ते १५०० आरपीएम असतो आणि मिश्रणही जाड असतं, त्यामुळे सुरुवातीला पेट्रोल तुम्ही धरलंय त्यापेक्षा बरंच जास्त जळतं. दोन, सगळा १०० किलो धातू ९० अंशाला जातच नाही. आत सिलेंडर हेड आधी तापतं, खालची ऑईल साठवायची टाकी बराच वेळ कोमटच. पण तुमचं प्रमाण बरोबर आहे, चालवल्यावर दोन-तीन पट लवकर. ते महत्त्वाचं.

अर्धवट इंजिनियर

मान्य. आयडी सार्थ केला.

निळा दिवा

ते १२००-१५०० आरपीएम का असतं पण? मला दरवेळी वाटतं सकाळी गाडी उगाच ओरडतेय, काहीतरी बिघडलंय.

तेलकट हात

बिघडलेलं नाही, मुद्दाम आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५०-३०० अंशाला पोचल्याशिवाय कामच सुरू करत नाही, तोपर्यंत सगळा घाण धूर तसाच बाहेर. म्हणून ईसीयू सुरुवातीला आरपीएम वाढवतो, ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो, म्हणजे जळण्याची उष्णता पिस्टन ढकलण्यात न जाता सायलेन्सरकडे जाते. अर्ध्या-एक मिनिटात आवाज थोडा खाली येतो तेव्हा ते मुख्य काम उरकलेलं असतं. निघायला तीच वेळ चांगली. कुलूप लावलं का, बेल्ट लावला का, आरसे बघितले का, यात तेवढा वेळ जातोच.

आणि यावरून एक, जे कोणी बंद गॅरेजमध्ये शटर खाली ठेवून गाडी गरम करत असतील त्यांनी ते आजच बंद करा. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड सगळ्यात जास्त असतो. वास येत नाही, रंग नाही, माणूस झोपेत जातो.

डिझेलभक्त

डिझेलवाल्यांसाठी कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. डिझेल स्लोवर उभं असताना गरजेपुरतंच थेंबभर डिझेल घेतं आणि हवा मात्र भरमसाठ ओढते, त्यामुळे उभ्या उभ्या ते धड गरम होतच नाही. मी एकदा कडाक्याच्या थंडीत अर्धा तास चालू ठेवली होती, काटा पावावरून हलला नाही. तेव्हापासून नाद सोडला. किल्ली पहिल्या टप्प्यावर, ग्लो प्लगचा (सिलेंडर आतून तापवणारी कांडी) स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझू द्यायचा, मग सेल्फ, वीस-तीस सेकंद, निघायचं. टर्बोला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला, पहिली दहा मिनिटं पिळायचं नाही, दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑईलच्या नुसत्या थरावर तरंगत असतो, ते ऑईल मधासारखं घट्ट असताना त्याच्याकडून काम मागणं म्हणजे पाप आहे.

आणि रोज तीन किमी जाऊन गाडी बंद करणाऱ्यांनी डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारी जाळी असलेली) डिझेल घेऊच नका. ती काजळी जाळायला धुराचं तापमान ५५०-६०० अंशापर्यंत न्यावं लागतं. तीन किमीत तर तुमचं कूलंटपण तापत नाही.

जुना पिस्टन

बघा, डिझेलभक्तपण म्हणतोय ऑईल मधासारखं घट्ट असतं. मग ते घट्ट असताना गाडी पळवायची की उभी ठेवायची? उत्तर द्या.

तेलकट हात

पळवायची नाहीच. चालवायची. फरक आहे ना साहेब.

उभ्या गाडीत ऑईल गरम व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मग दहा मिनिटांनी तुम्ही निघता तेव्हा काटा हललेला असतो, तुम्हाला वाटतं झालं गरम, आणि तुम्ही नेहमीसारखी चालवता. ऑईल तोवर ४० अंशालाही नसतं. ५डब्ल्यू-३० ऑईल ४० अंशाला जितकं घट्ट असतं ते १०० अंशाच्या मानाने पाच-सहा पट. लोकांना वाटतं ती पाटी बघून की थंडीत ते ५ नंबरचं पातळ असतं आणि गरमीत ३० नंबरचं घट्ट. उलटं आहे, थंड असताना ते नेहमीच जास्त घट्ट. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत किती सहज वाहतं त्याची ती वर्गवारी. आकडा जितका लहान तितकं सकाळी लवकर वर चढतं. प्रेशर मात्र काही सेकंदांतच तयार होतं, ऑईलचा लाल दिवा विझला की ते आलेलं असतं. त्यासाठी पाच मिनिटं लागत नाहीत.

तुमच्या सकाळच्या खडखडीचं पण सांगतो कारण तोच पुढचा मुद्दा असणार. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बऱ्याच गाड्यांत बीडाचा. ॲल्युमिनियम बीडाच्या दुप्पट फुगतं. म्हणून थंड असताना पिस्टन मुद्दाम जरा सैल ठेवलेला असतो, तो हिंदकळतो, आवाज येतो, गरम झाला की बसतो. या सैल काळात जोरात रेस दिली तर झीज होते. म्हणजे हा काळ जितक्या लवकर संपेल तितकं बरं.

जुना पिस्टन

खडखडीचंच लिहिणार होतो. असो.

शेवटचा बाक

मंडळी, धागाकर्त्याचा प्रश्न राहिला बाजूला. त्याचा काटा मोकळ्या रस्त्यावर खाली येतो असं लिहिलंय त्याने. चालत्या गाडीचा काटा खाली का यावा? आणि ॲव्हरेज तीनने पडलंय.

तेलकट हात

तेच मगाशी म्हणत होतो. किल्लीधर, मला तुमचा थर्मोस्टॅट उघडा अडकल्यासारखा वाटतोय.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. आत मेणाची गोळी असते, थंड असताना दरवाजा बंद, कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं म्हणून लवकर तापतं. ८२ ते ९० च्या आसपास, गाडीप्रमाणे, मेण वितळून फुगतं आणि दरवाजा उघडतं. तो दरवाजा उघडाच राहिला तर पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून थंड होऊन येतं. वेगात वारा जास्त म्हणून काटा खाली, सिग्नलला वारा नाही म्हणून वर. बाबांना दिसलं ते खरं आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. आणि कूलंट तापतच नसेल तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड, तो जास्त पेट्रोल पाजत राहतो. ॲव्हरेज तिथे गेलं.

उद्या सकाळी एक करा. थंड गाडी सुरू करा, रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाईपला हात लावून बघा. चांगल्या गाडीत तो बराच वेळ थंड राहतो, आतून इंजिन कडक तापलेलं आणि पाईप गार. मग दरवाजा उघडला की एकदम गरम होतो. तुमचा सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर समजा. हात पंख्यापासून लांब ठेवा, तो कधीही फिरू शकतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आत दाब असतो, पाणी १०० च्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सैल केलं की सगळं तोंडावर.

जमलं तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, कोणाकडून मागून घ्या, ब्लूटूथवाला छोटासा असतो, मोबाईलवर खरं तापमान दिसतं.

किल्लीधर

पाईप बघितला. दुसऱ्याच मिनिटापासून कोमट. बाबा पण हात लावून गेले, काही बोलले नाहीत.

स्कॅनर मित्राकडून आणला, तीन दिवस टिपलं. सुरू करताना १९ अंश. जागेवर ठेवली तर पाच मिनिटांनी ३७, दहा मिनिटांनी ५१ (हा बाबांचा दिवस होता). चालवत गेलो त्या दिवशी दहा मिनिटांनी ५८, वीस मिनिटांनी ६८, मोकळ्या रस्त्यावर ८० चा वेग धरला तर ६१ वर उतरलं, सिग्नलला ७४. नव्वद सोडाच, ऐंशी एकदाही दिसलं नाही. आणि स्कॅनरमध्ये एक कोड पण निघाला, पी०१२८. इंजिनचा दिवा मधूनमधून लागायचा तो मागच्या सर्व्हिसिंगला त्यांनी 'क्लियर केला' म्हणून सांगितलं होतं.

तेलकट हात

पी०१२८ म्हणजे कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाहीये. गाडी स्वतः सांगत होती, त्यांनी तिचं तोंड बंद केलं. बदलून घ्या. जुना काढलात की टाकू नका, भांड्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने टांगा आणि तापवा, किती अंशाला उघडतो बंद होतो ते डोळ्यांनी दिसतं, बघण्यासारखं असतं.

अर्धवट इंजिनियर

थर्मामीटर घेऊन करा आणि आकडे इथे टाका प्लीज.

किल्लीधर

आकडे टाकू शकत नाही. थर्मोस्टॅट नव्हताच.

म्हणजे शब्दशः नव्हता. आज दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, त्याने दोन बोल्ट काढून हाउसिंग उघडलं आणि माझ्याकडे बघून हसला. आत नुसती पोकळी. दोन वर्षांपूर्वी गाडी एकदा ट्रॅफिकमध्ये गरम झाली होती, बाबा घेऊन गेले होते दुरुस्तीला, तिथल्या माणसाने सांगितलं 'आता कधीच गरम होणार नाही' आणि खरंच झाली नाही. बाबांनी त्याला वर शाबासकी पण दिली होती. दोन वर्षं मी काय चालवत होतो देव जाणे.

घाईत आहे

'आता कधीच गरम होणार नाही'. माणूस शब्दाला जागला.

शेवटचा बाक

=)) =))

तेलकट हात

हा जुना उद्योग आहे. गाडी गरम होतेय म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, गिऱ्हाईक खूश. खरं कारण दुसरंच असतं, ते तसंच राहतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट पण बंद करतो, तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि भर उन्हात चढावर गाडी उलट जास्त गरम होऊ शकते. तुमचं नशीब तसं झालं नाही.

महत्त्वाचं, दोन वर्षांपूर्वी ती का गरम झाली होती ते आधी शोधा. ट्रॅफिकमध्ये गरम, वेगात ठीक, म्हणजे पहिला संशय पंख्यावर. नवीन थर्मोस्टॅट टाकून तसेच निघालात तर यावेळी हेड गॅस्केट (सिलेंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जाईल.

आणि कूलंट नुसतं नळाचं पाणी ओतून भरू देऊ नका. मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंट, पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी. भरल्यावर आतली हवा काढायला सांगा, हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी अडकला तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात.

जुना पिस्टन

हे मात्र चूक झालं. आमच्या वेळीही हे चालायचं, उन्हाळ्यात काढायचे आणि थंडीत परत लावायचे. बाबांना दोष देऊ नका, गिऱ्हाईकाला काय कळणार आत काय काढलंय.

अर्धवट इंजिनियर

अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. टोयोटाने प्रियसच्या दुसऱ्या पिढीत, २००४ ते २००९ च्या अमेरिकेतल्या गाड्यांत, चक्क थर्मास बसवला होता. गाडी बंद केली की गरम कूलंट त्यात भरून ठेवायचं आणि परत सुरू करताना इंजिनात सोडायचं. दोन-तीन दिवस ते गरम राहायचं म्हणे. फॉर्म्युला वनची इंजिनं तर थंड असताना सुरूच करत नाहीत, आतले भाग इतके घट्ट बसवलेले असतात की आधी बाहेरून गरम पाणी फिरवतात. आणि शून्याखाली बरंच तापमान जातं अशा देशांत इंजिनाला विजेचा हीटर असतो, गाडीच्या नाकातून प्लग लोंबत असतो, रात्री भिंतीतल्या सॉकेटला लावायचा.

डिझेलभक्त

बीएमडब्ल्यूच्या काही एम गाड्यांत आरपीएमच्या काट्याभोवती दिवे असतात, ऑईल तापत जाईल तसे एकेक विझतात, म्हणजे आता इतकं पिळायला हरकत नाही. हे सगळ्या गाड्यांत द्यायला काय जातं यांचं.

निळा दिवा

+१ डिझेलभक्त. मला तर साधा काटा दिला तरी चालेल.

एक विचारू का? मी सकाळी चार किमी जाते, अर्ध्या तासाने परत येते. मग परत दुपारी तेच. दरवेळी ते पहिल्यापासून थंड धरायचं का? आणि मागे ऑईलच्या झाकणाखाली पिवळट मलईसारखं काहीतरी दिसलं, मी घाबरून झाकण लावून टाकलं.

तेलकट हात

अर्ध्या तासात फार थंड होत नाही, ६०-७० च्या आसपास असेल. पूर्ण गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून कंपन्या थंड स्टार्टची चाचणी घेताना गाडी रात्रभर उभी ठेवतात.

मलई म्हणजे पाणी आणि ऑईल फेटलेलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, सकाळी थेंब गळतात ते तेच. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑईलकडे उतरते, ऑईल तापलं की उडून जायला हवी, पण तुमचं ऑईल चार किमीत तापतच नाही. आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास चालवा, जाईल. पण कूलंटची पातळी पण कमी होत असेल तर मात्र दाखवून घ्या, मग ते हेड गॅस्केट असू शकतं. आणि ऑईल किमीप्रमाणे नाही, महिन्यांप्रमाणे बदला. तुमच्यासारख्यांचे किमी कमी असतात पण ऑईलचे हाल जास्त.

निळा दिवा

पातळी बघितली, बरोबर आहे. रविवारी लांब जाते. थँक्यू.

डिझेलभक्त

लवकर गरम व्हायला अजून एक, सकाळी निघताना केबिनचा हीटर पहिली पाच मिनिटं बंद ठेवा. ती उष्णता इंजिनाच्याच कूलंटमधून येते, थंड इंजिनाच्या अंगावरचं पांघरूण ओढून आपण घेतल्यासारखं आहे. काचेवर धुकं धरलं असेल तर मात्र लावा, न दिसण्यापेक्षा उशिरा गरम झालेलं परवडलं.

किल्लीधर

अपडेट देतो, उशीर झाला. पंख्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) गेलेला निघाला, म्हणजे दोन वर्षं पंखा फिरतच नव्हता आणि मला पत्ता नाही, कारण गाडी कधी पंख्याची गरज पडेल इतकी तापलीच नाही. रिले बदलला, नवीन थर्मोस्टॅट टाकला, ८८ चा, कूलंट नवीन, हवा काढली.

आता आकडे. सुरू करताना १८. अर्ध्या मिनिटात निघालो, अडीच हजारच्या वर नेलं नाही. पाच मिनिटांनी ६३, आठ मिनिटांनी ८४, दहाव्या मिनिटाला ८९ आणि मग तिथेच, ८८ ते ९२. मोकळ्या रस्त्यावर ९०, सिग्नलला ९४, मुद्दाम पंधरा मिनिटं उभी ठेवली तर ९७ ला पंखा लागला, ९२ ला बंद झाला. मी चाललेला पंखा ऐकून उतरून बघायला गेलो. पहिल्या पूर्ण टाकीचं ॲव्हरेज १५.४. काटा सातव्या मिनिटापासून मधोमध, तेलकट हात म्हणाले तसा ठोकल्यासारखा.

अर्धवट इंजिनियर

माझ्या हिशोबाने १५ मिनिटं होती. इंजिन ऐकत नाही.

जुना पिस्टन

अभिनंदन. मी पाच मिनिटांवरून दोनवर आलोय. त्याखाली येणार नाही.

शेवटचा बाक

बाबा काय म्हणाले ते सांगितलं नाहीत.

किल्लीधर

बाबांना स्कॅनर फार आवडलाय. मित्राला परत द्यायचाय पण ते देत नाहीयेत. आज सकाळी बघितलं तर गाडी जागेवर चालू, हे शेजारी मोबाईल घेऊन बसलेले, मला म्हणाले थांब, तेवीस झालेत, ऐंशी कधी होतात ते बघायचंय.